सोमवारपासून ये म्हणाल्या, म्हणून लगेच जाऊ नकोस

लालबाग, मुंबई
१७ जून

चि. मनवा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मुलुंडच्या नर्सरीतून होकार आला. येत्या सोमवारपासून या म्हणाल्या. सर्टिफिकेट वगैरे काही मागितलं नाही, मुलं आवडतात का एवढंच विचारलं." मी "बरं, बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल, पुण्याची नोकरी सोडतेय म्हणून आई नाराज झाली. तसं नाही गं. मलाही अगदी असंच घेतलं होतं. त्यातून जे झालं ते तुला आजवर सांगितलेलं नाही, आणि फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहायला बसले आहे.

१९९३ चा जून. मी बावीस वर्षांची, बी.ए.चा निकाल नुकताच लागलेला. आपल्या चाळीच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या एका खोलीत बालवाडी चालायची. तिथल्या बाईंनी विचारलं, "गाणी येतात का?" मी दोन म्हणून दाखवली. दुसऱ्या दिवशी तीस मुलं माझ्यासमोर बसली होती.

त्यात एक मुलगा होता, चार पूर्ण व्हायला दोन महिने असलेला. त्याची आई मिरची कांडपावर जायची, त्यामुळे त्याच्या सदऱ्याला कायम मसाल्याचा वास. तो सगळं डाव्या हातानं करायचा. डबा उघडायचा डाव्यानं, ठोकळे रचायचा डाव्यानं. मी पाटीवर ‘ग’ काढून गिरवायला दिला की पेन्सिल डाव्या हातात. मी ती काढून उजव्या हातात द्यायची आणि माझ्या मुठीत त्याची मूठ धरून गिरवून घ्यायची. त्याची बोटं पेन्सिलीवर इतकी आवळलेली असायची की नखं पांढरी पडायची. आणि मला वाटायचं, मी किती मन लावून शिकवते आहे! तिसऱ्या आठवड्यात ‘पाट्या काढा’ म्हटलं की त्याची चड्डी ओली व्हायला लागली. पुढे तो वर्गात बोलेनासा झाला, गाण्यालाही तोंड उघडेना. मी त्याच्या आईला सांगितलं, पोरगा हट्टी आहे. ती हात जोडून म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच वळण लावा."

पुढच्या वर्षी मी दादरला संध्याकाळच्या बालवाडी शिक्षिका वर्गाला जायला लागले. एक दिवस तिथल्या बाईंनी हाताचे दोन क्ष-किरण फोटो खिडकीच्या काचेला चिकटवले. एक मोठ्या माणसाचा, एक चार वर्षांच्या मुलाचा. मोठ्याच्या मनगटात आठ छोटी हाडं दाटीवाटीनं बसलेली. मुलाच्या मनगटात तीन-चार ठिपके आणि बाकी सगळी मोकळी जागा. बाई म्हणाल्या, "तिथं कूर्चा आहे. हाड अजून व्हायचंय. या हाताला तुम्ही पेन्सिल कशी धरायला लावता, सांगा बरं." मग त्या म्हणाल्या, डावखुरेपणा ही खोड नव्हे, मूल तसंच घडलेलं असतं, त्याचा हात बदलायला जाऊ नका. मी वही मिटली. मला त्या खिडकीकडे बघवेना.

त्या मुलाचं बालवाडीत येणं तोवर बंद झालं होतं. त्याला परत आणावं म्हणून सुट्टीत त्याच्या घरी गेले, तर खोलीला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, गावी गेले सगळे, राजापूरकडे. आता तो पस्तिशीचा असेल. माझा त्याच्यावर जीव होता, मनवा. मुलं मला तेव्हाही आवडतच होती.

म्हणून तुला होकार कसा मिळाला यापेक्षा काय न विचारता मिळाला, याची मला काळजी वाटली. तू म्हणशील, लागत नाही म्हणून विचारलं नाही. तेही खरंच आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन ते सहाच्या मुलांबद्दल त्यात अकरावं कलम आहे, पण सरकार त्यांची सोय करू शकेल, एवढंच ते म्हणतं. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहे ती पहिली ते आठवीच्या शिक्षकांना. रिक्षावाल्याला बॅज लागतो, वकिलाला सनद लागते, पण खाजगी नर्सरीत तीन वर्षांच्या पोरांपुढे उभं राहणाऱ्या बाईला तशी कुठलीच परीक्षा आडवी येत नाही. कायदा विचारत नसेल, तर आपण स्वतःला विचारायचं. माझं म्हणणं एवढंच आहे.

मावशी तुला बी.एड. कर म्हणते आहे. तिचं ऐकू नकोस. बी.एड.चं सगळं शिक्षण मोठ्या मुलांना धरून असतं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर सांगितलं की पहिली ते पाचवीसाठीसुद्धा बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. मग शिशुवर्गाला ती काय उपयोगाची? डी.एल.एड.सुद्धा पहिलीपासून पुढचं. लहान मुलांसाठी वेगळी पदविका आहे, डिप्लोमा इन प्रीस्कूल एज्युकेशन, डीपीएसई म्हणतात. दोन वर्षांची, बारावीला पन्नास टक्के हवेत, तुला अडुसष्ट आहेत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत ती आहे. वर्षाला किमान दोनशे दिवस काम, आणि त्यात प्रत्यक्ष बालवाडीत जाऊन मुलांबरोबर राहणं धरलेलं. तेच सगळ्यात मोलाचं. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेचं नाव एनसीटीईच्या मान्यतेच्या यादीत आहे का, ते तू स्वतः बघ. माहितीपत्रकावर काय छापलंय त्यावर जाऊ नकोस.

हे एवढं बजावून सांगते, कारण शेजारच्या काकूंच्या सुनेचं मी बघितलंय. तीन महिन्यांचा कोर्स, पस्तीस हजार फी, सगळं मोबाइलवर. शेवटी सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट आलं, फ्रेम करून भिंतीवर लावलं. तीन महिन्यांत तिनं एकही मूल जवळून बघितलं नव्हतं. नोकरी लागली, आणि पहिल्याच दिवशी एक पोर दार धरून रडायला लागलं तेव्हा काय करायचं ते तिला कळेना. तिनं दार लावून घेतलं. घरी येऊन माझ्याजवळ रडली. चूक तिची नव्हती, तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

‘मॉन्टेसरी’ हा शब्दही पारखून घे. मारिया मॉन्टेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालघर काढलं, १९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या आणि युद्धामुळे इथेच अडकल्या, त्या काळात त्यांनी आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांना तयार केलं. पण त्या नावावर कुणाची मालकी नाही, कोणीही पाटी लावू शकतं. खरं शिकायचं असेल तर त्यांनीच स्थापलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, एएमआयचा डिप्लोमा आहे, पण तो महाग पडतो. दुसरी वाट गृहविज्ञानाची. एसएनडीटी विद्यापीठात किंवा निर्मला निकेतन कॉलेजात मानवी विकास हा विषय घेऊन शिकतात. तुझं बी.कॉम. झालंय, त्यामुळे तुला ती लांबची पडेल. मला डीपीएसईच बरी वाटते.

आणि अंगणवाडीला कमी लेखू नकोस. तू परवा "ते आपल्यासाठी नाही" म्हणालीस ते मला लागलं. तिथं निदान अट तरी आहे: बारावी पास, वय अठरा ते पस्तीस, आणि त्याच वस्तीत राहणारी. ती सेविका पोरांना शिकवते, वजन घेते, खाऊ देते, लसीच्या दिवशी आयांना घरून बोलावून आणते, गरोदर बायकांची नोंद ठेवते. एवढं करून मिळतं ते मानधन, पगार नव्हे. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितला तेव्हा मानला गेला. नव्या शिक्षण धोरणात, २०२० च्या, बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेल्यांसाठी वर्षाचा अभ्यासक्रम सांगितलाय. तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा आहे, हे त्या धोरणानं निदान कागदावर तरी आणलं.

ही अंगणवाडी आली कुठून, ठाऊक आहे? ताराबाई मोडक आपल्या मुंबईच्याच. दादरला हिंदू कॉलनीत शिशुविहार त्यांनी उभं केलं. मग १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. तिथं गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर त्या बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. अनुताई वाघ तिथंच त्यांच्या कामात आल्या. अनुताई पुण्यात शाळेत शिकवत होत्या, हाताशी बऱ्याच वर्षांचा अनुभव होता, तरी लहान मुलांचं काम त्या ताराबाईंच्या हाताखाली पहिल्यापासून शिकल्या. पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी आयुष्य काढलं. अनुताईंना परत शिकावंसं वाटलं, मग आपण कोण?

कागदपत्रांचंही बघून ठेव. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढ, कुणी मागो न मागो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं, त्यानंतर शाळांना कर्मचाऱ्यांची पडताळणी करा, सीसीटीव्ही लावा, असे आदेश निघाले. पण तू जिथं जाशील तिथं शौचालयात मुलांना कोण नेतं, तेवढा वेळ वर्गात कोण असतं, सफाईची आणि गाडीवरची माणसं कोण, हे तोंड उघडून विचार. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सोचा २०१२ चा कायदा मुळातून वाच. मुलाबाबत असं काही घडलंय हे कळलं, किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापिकेच्या कानावर घातलं, माझं काम झालं, असं त्यात चालत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ ठेव. ती चाइल्डलाइन १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून.

प्रथमोपचार तर आधी शीक. चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका मुलीच्या घशात फुटाणा अडकला. आवाज नाही, रडणं नाही, नुसते डोळे मोठे झालेले. ओठ काळेनिळे व्हायला लागले. मी तिला हातावर पुढे वाकवलं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं जोरात थापा मारल्या. चौथ्या थापेला फुटाणा फरशीवर पडला आणि ती किंचाळून रडली. एवढं गोड रडणं मी ऐकलेलं नाही. पाच थापांनी निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच धक्के द्यायचे, हेही येत होतं, कारण सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या वर्गात बाहुलीवर करून घेतलं होतं. पंखा हलवत बसले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

मुलुंडच्या बाईंना फोन कर. एका शिक्षिकेमागे किती मुलं, ते विचार. तीन ते सहाच्या मुलांना वीसमागे एक मोठं माणूस आणि तीनच्या आतल्यांना दहामागे एक, असं लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाच्या राष्ट्रीय धोरणात २०१३ पासून लिहिलेलं आहे. नर्सरीतच लिहायला लावता का, तेही विचार. चाळीस मुलं आणि चार ओळी गृहपाठ असं उत्तर आलं, तर पगार कितीही असो, तिथं पाऊल टाकू नकोस. उत्तरं बरी आली तर सांग, मदतनीस म्हणून येते, शिकता शिकता, वर्ग मला दोन वर्षांनी द्या. फीची काळजी करू नकोस. माझी आवर्त ठेव ऑगस्टमध्ये संपते आहे, ती मी तुझ्यासाठीच ठेवली होती.

शनिवारी घरी येशील ना? सकाळी साडेआठला माझ्याबरोबर बालवाडीत चल. काल शाळा सुरू झाली, नवी अठरा मुलं आली आहेत. त्यात एक डावखुरी आहे. काल खडू घेऊन फरशीवर मोठे मोठे गोल काढत बसली होती, जिभेचं टोक बाहेर काढून. तिच्या डाव्या हाताला पुरेशी जागा ठेवून तिच्याशेजारी बस आणि अर्धा दिवस नुसतं बघ. काही शिकवू नकोस.

बारावीची मूळ गुणपत्रिका कपाटात निळ्या फाइलमध्ये आहे. चार झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. येताना पासपोर्ट साइजचे फोटो आण.

तुझी,
आई