वहीतलं सातवं ध्येय

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, चष्मा घे आणि हे पत्र तू मोठ्याने वाच, बाबांना ऐकू दे. मध्येच थांबून एकमेकांकडे बघू नका. मी ठीक आहे, हे आधीच सांगते. ताप नाही, खोकला नाही, कुणाशी काही बिनसलेलं नाही.

माझी डिग्री सहा महिने उशिरा होणार आहे. या सत्रात मी सातऐवजी चारच विषय घेतलेत आणि प्रोजेक्ट पुढच्या सत्रात नेलाय. फॉर्म भरून झाला, विभागप्रमुखांची सहीसुद्धा झाली. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "तुला योग्य वाटतं ते कर," आणि मग रात्रभर जागेच राहिले असते. दादाच्या वेळचं मला सगळं आठवतं.

दुसरी गोष्ट लिहायला मला चार दिवस लागले. गेल्या सत्रात माझे दोन विषय राहिले. निकालाच्या दिवशी तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी "लागला, बरा आहे" म्हटलं. ते खोटं होतं. आई, तू लगेच म्हणालीस, "मला माहीतच होतं," आणि त्या आनंदाला मी गप्प राहून हो म्हटलं. तेव्हापासून तुझा फोन आला की मला आधी भीती वाटते. तुझ्या फोनची भीती वाटावी, हे मला सहन होत नाही.

बाबा, निघताना तुम्ही दिलेली वही आठवते ना? तिच्या पहिल्या पानावर मी सात ध्येयं लिहिली होती. पहिलं, प्रत्येक सत्रात नऊच्या वर ग्रेड. तिसरं, रोज पाचला उठायचं. मधली आता वाचली तर कुणा दुसऱ्याच मुलीची वाटतात. सातवं मात्र माझंच आहे: आई-बाबांना काळजी वाटेल असं काही होऊ द्यायचं नाही. मला सगळ्यात प्रिय तेच होतं, आणि खोटं बोलायला मला त्यानेच लावलं. परवा मी ते खोडलं. खोडताना रडले, पण खोडलं.

तुम्ही विचाराल, सहा महिने मागे पडणं ही कसली प्रगती? म्हणून हिशेब मांडते. पैशांचा नाही, वेळेचा. गेल्या सत्रापासून दर रविवारी मी वहीत तीन ओळी लिहिते: काय ठरवलं होतं, काय झालं, मध्ये काय आलं. पहिले पाच रविवार तिसऱ्या ओळीत एकच वाक्य आहे, "वेळ पुरला नाही." सहाव्या रविवारी त्या वाक्याचा मला राग आला. मग आठवडाभर तासातासाची नोंद ठेवली. सात विषयांचे तास, प्रॅक्टिकल, सबमिशन, लायब्ररीतलं काम आणि प्रोजेक्ट धरून उरत होते ते रात्री दहानंतरचे तास. त्या वेळी मी पुस्तक उघडून बसत होते, पण पान उलटत नव्हतं. कष्ट कमी पडत होते असं नाही, बाबा. ठरवलेलंच दिवसात मावत नव्हतं.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. १९९४ साली तीन मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळंच अडलं तर किती, असंही विचारलं, तेव्हा ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला. हे वाचलं त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली.

बाबा, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाहीये, कृपा करून तसं मनात घेऊ नका. आई म्हणायची "जमेल तेवढं कर," आणि तुम्ही म्हणायचात "आकडा लिही." तुमचंच खरं निघालं. लॉक आणि लेथम या दोघांनी ध्येयांवर केलेल्या ३५ वर्षांच्या कामाचा आढावा २००२ साली लिहिला. त्यात हेच आहे, की नेमकं आणि अवघड ध्येय "जमेल तेवढं"पेक्षा जास्त काम करून घेतं. पण काम गुंतागुंतीचं असेल आणि ते अजून येतच नसेल, तर आकड्यापेक्षा शिकण्याच्या पद्धतीचं ध्येय ठेवावं, असंही ते सांगतात. मला त्या दोन विषयांचा पायाच येत नव्हता आणि मी नऊचा आकडा धरून बसले होते.

आता पहिल्या पानावर दोनच ओळी आहेत. एक, तास संपला की वही मिटून, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायचं. पुन्हा पुन्हा वाचलं की आपल्याला येतं असं वाटतं, पण आठवड्याने आठवून लिहिलेलंच जास्त टिकलेलं असतं. मी दोन्ही करून पाहिलं. पहिल्या दिवशी कागदावर चारच ओळी आल्या होत्या. गेल्या मंगळवारी पान भरून मागच्या बाजूला जावं लागलं! ते पान मी जपून ठेवलंय. दुसरी ओळ, अडलं की त्याच आठवड्यात विचारायचं, परीक्षेपर्यंत थांबायचं नाही. काल सरांच्या केबिनबाहेर वीस मिनिटं उभी होते, पण विचारून आले.

जास्तीच्या सत्राची फी मी लायब्ररीतल्या कामाच्या पैशांतून भरणार आहे. ठेव मोडायची नाही, तो विषयही काढायचा नाही. जेवण वेळेवर होतं. माझी कॉट खिडकीपाशी आहे, सकाळी ऊन थेट वहीवर येतं. आई, तू दिलेली गोधडी पायाशी असते. रात्री अकराला दिवा बंद करते, खरंच.

बाबा, शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री तुम्ही वह्यांना कव्हरं घालायचात. कागद दुमडून झाला की घडीवर नख फिरवायचं काम माझं असायचं. मला वाटायचं, मी नख फिरवलं नाही तर कव्हर टिकणारच नाही. झोप आली तरी मी उठत नसे, मग आई तिथेच माझ्या अंगावर पांघरूण टाकायची. हल्ली वही उघडताना रोज ती घडी हाताला लागते.

आता माझं ऐका. आई, बीपीची गोळी "आठवली की घेते" हे बंद. सकाळी ब्रश जागेवर ठेवला की लगेच गोळी, म्हणून डबी ब्रशशेजारीच ठेव. "हे झालं की ते" असं बांधून ठेवलं की गोष्ट सहसा विसरत नाही, हेही तपासून पाहिलेलं आहे. बाबा, माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही. गुडघ्याचे व्यायाम दहा मिनिटं, आणि झाले की कॅलेंडरवर खूण. "केले" असं तोंडी सांगितलेलं चालणार नाही. मला एखाद्या दिवशी खूण दिसली नाही तरी मी रागावणार नाही, पण न केलेल्या दिवशी खूण करू नका.

दादाला मी स्वतः सांगेन. नातेवाइकांना काय सांगायचं याचा विचार करत बसू नका. मुलगी पुढच्या वर्षी पास होणार, एवढं पुरे.

रविवारी फोन करते. तेव्हा "अभ्यास कसा चाललाय" असं विचारू नका, मी पुन्हा "बरा" म्हणेन. "या आठवड्यात काय राहिलं" असं विचारा. मग मीही तुम्हाला तेच विचारीन.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, वहीचं कव्हर एका कोपऱ्यात फाटलंय. सुट्टीत घेऊन येते. नवं तुम्ही घाला, नख मी फिरवीन.