फोटोच्या कडेची बाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या ठाणे पुरवणीत नौपाड्यातल्या पाडलेल्या बंगल्यांवरचा लेख वाचला. नक्षीचे कठडे, झोपाळा, मालकांची वकिली, सगळं आलंय. पण त्या घरांत राबणारी माणसं कुठं गेली?

गेल्या वर्षी मुलाकडे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला गेले होते. तिथे ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर १७९० च्या सुमाराचं एक जॉर्जियन, म्हणजे तिथल्या जॉर्ज राजांच्या काळातल्या धाटणीचं, घर संग्रहालय म्हणून जपलंय. ते बांधून घेणारा जॉन पिनी साखरेचा व्यापारी. पैसा कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरच्या उसाच्या मळ्यांचा, आणि मळ्यांत राबायचे ते गुलाम. तळघरात पिनीचा गार पाण्याचा हौद आहे, बुडी मारून अंघोळ करायला. (त्या थंडीत! मला बघूनच कापरं भरलं.)

त्याच घरात पेरो राहायचा. १७६५ साली पिनीने त्याला दोन धाकट्या बहिणींसकट विकत घेतलं, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. १७८३ मध्ये मालकाबरोबर इंग्लंडला आला. मालकाची दाढी, केस, कपडे बघायचा. १७९८ मध्ये वारला, तोही गुलाम म्हणूनच. घर १९३७ मध्ये शहराला मिळालं. बंदरातल्या पादचारी पुलाला पेरोचं नाव लागायला मात्र १९९९ उजाडलं.

माझी आई कुणाची गुलाम नव्हती, पगार मिळायचा. नौपाड्यातल्या एका बंगल्यात तिने अठरा वर्षं स्वयंपाक केला, जाणं-येणं मागीलदाराने. श्रावणात पुरण वाटून वाटून मनगट सुजायचं, की हळद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाट्यावर बसायची. आता तिथे सात मजली इमारत आहे आणि खाली लिफ्टपाशी त्या बंगल्याचा मोठा फोटो. पायऱ्यांवर मालकांचं कुटुंब, खाली प्रत्येकाचं नाव, अगदी तान्ह्या बाळाचंसुद्धा. उजव्या कडेला, दारात, एक अर्धीच बाई आलीय. नऊवारीचा काठ, हातात पितळी तपेलं. ती माझी आई.

तिचंही नाव घाला म्हणून दोनदा अर्ज दिला. "काकू, फ्रेम झाली हो, आता कुठे उघडायची?" असं उत्तर मिळालं. पेरोला दोनशे वर्षं लागली, कबूल. पण मी आत्ताच सत्तर ओलांडलीय.

लेखाचा दुसरा भाग येणार आहे असं छापलंय. लेखकांनी एकदा येऊन तो फोटो बघावा. आईचं नाव मी चिठ्ठीवर लिहून खाली वॉचमनकडे ठेवलंय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे (प.)