हिरव्या स्फटिकाची साठ वर्षं

संपादक साहेब, नमस्कार,

तुमची विज्ञान पुरवणी मी नेमाने वाचतो, बीएस्सीच्या पोरांचे क्लास घेतो म्हणून कात्रणंपण काढून ठेवतो. एकच मागणं आहे, रेणूचा आकार छापता तेव्हा तो कळला कसा तेही छापा ना. आमच्या कॉलेजात ट्रायआयर्न डोडेकाकार्बोनिल नावाचा रेणू शिकवताना सरांनी फळ्यावर लोखंडाच्या तीन अणूंचा त्रिकोण काढला, भोवती बारा सीओ (म्हणजे कार्बन मोनॉक्साइड) लावले आणि म्हणाले पाठ करा, परीक्षेला येतं. झालं, संपला विषय!

अहो पण ती गोष्ट केवढी आहे. 1907 साली ड्यूअर आणि जोन्स या रसायनशास्त्रज्ञांनी याच रेणूंचा हा गडद हिरवा पदार्थ जगापुढे आणला तेव्हा त्यांनी धरलं की एका लोखंडाला चार सीओ. नंतर हीबर या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की रेणू त्याच्या तिप्पट आहे. मग एक्स-रेने बघायला गेले तर स्फटिकात अर्धे रेणू सुलटे, अर्धे उलटे, त्यामुळे त्रिकोणाच्या जागी सहा टोकांची चांदणी दिसायची! वेई आणि डाल या संशोधकांनी 1969 मध्ये तो गुंता सोडवला तेव्हा कळलं की दोन सीओ एका बाजूवर पुलासारखे बसलेत, बाकीचे दहा सुटे, म्हणजे प्रत्येकी एकाच लोखंडाला धरून. आणि आवर्तसारणीत लोखंडाच्याच गटातल्या रुथेनियम-ऑस्मियमच्या त्रिकोणात पूल नाहीतच, प्रत्येक धातूवर चार-चार सुटे सीओ.

मी क्लासमध्ये भिजवलेले वाटाणे आणि टूथपिकचे दोन त्रिकोण करून एक उलटा वर ठेवला तर मागच्या बाकावरची पोरगी एकदम ओरडली, सर ही तर रांगोळीतली चांदणी! तिला आता हे कोणी पाठ करायला सांगायची गरज नाही.

बनवायची रीतपण वाचण्यासारखी आहे, लोखंडाचं पेंटाकार्बोनिल (एका लोखंडाला पाच सीओ) अल्कलीत घ्यायचं, मग मँगनीज डायऑक्साइड म्हणजे जुन्या सेलमधली काळी पूड, शेवटी अ‍ॅसिड, की हिरवे-काळे स्फटिक. फक्त पेंटाकार्बोनिल भयंकर विषारी, त्यामुळे हे काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे प्रयोगशाळेतल्या विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच, घरी कोणी नादाला लागू नये हेही ठळक छापा.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या पवईच्या आयआयटीत प्रदीप माथूर यांच्या ग्रुपने लोखंडाच्या अशाच कार्बोनिल क्लस्टरमध्ये (सीओ लावलेल्या धातूच्या अणूंच्या झुबक्यात) सल्फर, सेलेनियम, टेल्युरियम बसवून कितीतरी नवे रेणू केले. त्यावर मराठीत एक पानभर लेख द्या, क्लासच्या भिंतीवर मी स्वतः चिकटवतो.

आपला,
एक जुना वाचक