हात लावायच्या आधी विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

‘माझं नाव कुठं घालू नकोस’ असं तुम्ही बजावलंय, म्हणून घालत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जुनी सोनोग्राफी आणि एक्स-रे मशिनं दुरुस्त करणारे काका कोण, हे ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. पण आभार मात्र मी चारचौघांतच मानणार. तुमच्याकडं येण्याआधी ज्यांनी माझं काम उडवून लावलं, त्यांनीही ते चारचौघांतच उडवलं होतं.

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात काय परिस्थिती असते हे तुम्हाला मी काय सांगणार! तिथल्या माणसाला पोटात दुखलं, धाप लागली, तर त्याला मशिनपर्यंत आणण्याऐवजी मशिनच डॉक्टरांच्या बॅगेतून त्याच्यापर्यंत जावं, एवढ्यासाठी आम्ही बॅटरीवर चालणारी छोटी सोनोग्राफी करायला घेतली. त्यातला माझा भाग ॲम्प्लिफायरचा, म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटचा. प्रोबला, म्हणजे अंगावर टेकवायच्या भागाला, 80-90 व्होल्टचा ठोका द्यायचा आणि लगेच त्याच तारेवर परत येणारा काही मायक्रोव्होल्टचा प्रतिध्वनी टिपायचा. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाला चिकटून उभं राहावं आणि कुणाची तरी कुजबुज ऐकावी, तसलं हे काम. त्यात 3.5 मेगाहर्ट्झची लहर शरीरात 15 सेंटिमीटर आत जाऊन परत येईतो 50 डेसिबलहून जास्त घटते, म्हणजे व्होल्टेज जवळजवळ 400 पटींनी कमी होतं. म्हणून खोलीप्रमाणं गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते, वाढवत न्यावा लागतो, आणि गेन वाढला की नॉईज, म्हणजे नको असलेला कचरा, तोही वाढतो. आमच्या चित्रात वरचे चार-पाच सेंटिमीटर सुरेख यायचे आणि त्याखाली नुसतं पांढरं धुकं. म्हणजे जे बघायचं तेच दिसत नव्हतं.

त्या धुक्यापायी मी कुणाकुणाचे उंबरे झिजवले! सप्लायचा, म्हणजे वीज पुरवायचा भाग ज्या मोठ्या शहरातल्या सल्लागारानं आखून दिला होता, त्यानं पूर्ण पैसे वाजवून घेतले आणि वर ‘चिप महागातली घ्या’ एवढं सांगून फोन ठेवला. सर्किटचा बोर्ड बघितलासुद्धा नाही. एका कार्यक्रमात एक मोठे गृहस्थ मला म्हणाले, ‘बेळगावात फाउंड्री चालते, तुमचं हे नाही चालायचं,’ आणि आजूबाजूचे हसले. आणखी एका तज्ज्ञांनी एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हातानं बोर्ड पिशवीतून ओढून काढला, बोटं थेट ॲम्प्लिफायरच्या इनपुटवर, उलटासुलटा केला आणि टेबलावर टाकला. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत बोटातल्या एका ठिणगीनं ती चिप मरू शकते, हे त्यांना ठाऊक नसेल असं मी म्हणणार नाही. माझं काम जपण्याइतकं त्यांना महत्त्वाचं वाटलं नाही, एवढंच.

आणि मग तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडचं तुमचं ते शेड.

काका, तुम्ही माझा दोष शोधून दिलात त्याबद्दल आभार आहेतच, पण हे पत्र मी लिहितेय ते त्याच्या आधीच्या दोन मिनिटांसाठी. मी पिशवी टेबलावर ठेवली. तुम्ही ती उघडली नाही. आधी हात धुऊन आलात, पंच्याला कोरडे केलेत. बोटातली अंगठी काढून चष्म्याच्या घरात ठेवलीत. मनगटाला अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा अर्थिंगचा पट्टा बांधलात, त्याची क्लिप नीट धरली आहे का ते ओढून बघितलंत. ‘हाय व्होल्टेज बंद आहे नव्हं?’ असं विचारलंत, आणि मी मान हलवल्यावर म्हणालात, ‘हात लावू काय बाळ?’

तुमचं अख्खं आयुष्य असल्या मशिनांत गेलेलं. माझ्या वयाहून जुनी मशिनं तुमच्या फळीवर. तुम्ही मला विचारायची काही गरज नव्हती. मला उत्तर देता आलं नाही, तुम्हीही थांबून राहिलात, मी ‘हो’ म्हणेपर्यंत. इतक्या लोकांनी तो बोर्ड हाताळला होता, पण तो माझा आहे हे पहिल्यांदा तुम्ही मानलंत.

पुढचं सगळं त्याच चालीनं झालं. माणसावर मशिन लावायचं नाही, 1994 चा गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा आहे, नोंदणीशिवाय नाही, हे तुम्हीच आधी सांगितलंत; मी फँटम, म्हणजे आत बारीक तारा बसवलेला शरीराऐवजीचा ठोकळा, घेऊनच आले होते हे बघून बरं वाटलं तुम्हाला. शेजारच्या शेडमधला ग्राइंडर थोडा वेळ थांबवायला तुम्ही स्वतः उठून गेलात, त्यांच्याशी कानडीत बोललात. ग्राइंडर थांबला तरी धुकं तसंच. मग तुम्ही बराच वेळ नुसते स्क्रीनकडं बघत बसलात आणि काचेवर बोट ठेवलंत: ‘हे ठिपके बघ, जाग्यावर हाईत. हे मात्र सरकतायत. म्हणजे ह्याचं घड्याळ वेगळं.’

कुणालाच न दिसलेली गोष्ट ती हीच. फँटममधल्या तारांचे ठिपके प्रत्येक फ्रेमला जिथल्या तिथं येतात. सरकणारा कचरा आपल्या ठोक्याशी न बांधलेल्या कुठल्या तरी क्लॉककडून येतो. सीआरओच्या, म्हणजे लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या, तपासायच्या प्रोबची अर्थिंगची तार टोकालाच जोडून तुम्ही एक छोटा फास केलात आणि बोर्डावरून हळूहळू फिरवलात. हाय व्होल्टेज तयार करणाऱ्या सप्लायच्या कॉइलवर आल्याबरोबर रेघ उसळली. महागातली चिप घेऊन काही झालं नसतं. त्या सप्लायच्या सतत चालू-बंद होण्याचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच्या पटीतल्या लहरी, थेट आमच्या बँडमध्ये, म्हणजे आम्ही ऐकतो त्याच लहरींत, येऊन बसत होते, आणि कॉइल होती इनपुटच्या शेजारी, त्या सल्लागारानं आखली तिथंच. उपायही तुम्ही प्रश्नासारखा विचारलात: ‘15 सेंटिमीटरचं ऐकायला 200 मायक्रोसेकंद लागतात. तेवढा वेळ सप्लाय बंद ठेवलास तर? कपॅसिटर धरून ऱ्हाईल की.’

धरून राहिला, काका; कपॅसिटरमध्ये साठलेली वीज तेवढा वेळ पुरली. नव्या बोर्डात कॉइल लांबच्या कोपऱ्यात गेली, सप्लायचं क्लॉक मुख्य क्लॉकला बांधलं, आणि प्रतिध्वनी ऐकायच्या वेळी ते गप्प बसतं. धुकं गेलं. फँटममधल्या सगळ्यात खालच्या तारा आता मोजता येतात. बॅटरीही पहिल्यापेक्षा जास्त वेळ पुरते, हे तर अनपेक्षितच.

आपल्या भागात हुशारी कमी नाही. उद्यमबागेत मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम करणारे हात गल्लोगल्ली सापडतील. पण हुशार माणूस समोरच्याला लहान न करता शिकवतो, असं फार कमी वेळा बघायला मिळतं. तुमच्याकडचा पोरगाही सोल्डरिंग आयर्न उचलायच्या आधी मला विचारत होता, तेव्हा कळलं की ही सवय त्यालाही तुमच्याकडूनच लागली आहे. तुम्ही फी घेतली नाहीत, त्यावर मी इथं वाद घालत नाही, समोर येऊन घालीन.

पुढच्या बोर्डात चॅनल वाढणार आहेत, म्हणजे शेजारच्या चॅनलमधली गळती हे नवं दुखणं येणार. लेआउट फॅक्टरीला पाठवायच्या आधी तुमची नजर त्यावरून फिरायला हवी. प्रिंट मोठ्या कागदावर काढून ठेवलीय, चष्म्याला त्रास होणार नाही. सोयीचा दिवस कळवा. मी येते.

तुमची,
खानापूरकडची ती बोर्डवाली मुलगी