परिचर्या शिक्षणाची परीक्षा वॉर्डात व्हावी

महोदय,

बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये सत्र पद्धतीचा केला, तरी महाविद्यालयाची गुणवत्ता अजूनही निकालाच्या टक्केवारीवरूनच जोखली जाते. माझ्या वॉर्डात रुजू झालेल्या एका प्रथम श्रेणीच्या मुलीच्या नोंदवहीत सलाईनची सुई लावल्याच्या सगळ्या सह्या होत्या. प्रत्यक्षात शीर शोधताना तिचा हात थरथरत होता, कारण तोवर तिने सुई टोचली होती ती सरावाच्या पुतळ्यालाच. (दोष तिचा नव्हे.) उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी किती जण वर्षभराने सेवेत आहेत आणि औषधाच्या मात्रेचे गणित त्यांना बिनचूक जमते का, हे इनचार्ज सिस्टरांना विचारून दरवर्षी जाहीर करणे परिषदेने महाविद्यालयांना बंधनकारक करावे.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा