चुना, माती आणि भिंतीआडचा भाजीपाला

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर दोन गोष्टी विचारल्यात. चार भिंतींच्या आत भाजीपाला लावायला इथे एवढा खटाटोप का करतात, आणि आपल्या परसातली जुनी भिंत सिमेंटने करून घेऊ का. दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी येतं, म्हणून सविस्तर लिहिते.

इंग्लंडमधल्या मोठ्या इस्टेटींवर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात घरच्या स्वयंपाकासाठी अशा बागा बांधल्या. दहा-बारा फूट उंच विटांची भिंत, आत रस्त्यांनी पाडलेले चार चौकोन, मधोमध झारी बुडवायला हौद. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ऊब सोडते, म्हणून या थंड देशातही तिच्यावर पीच, जर्दाळू, अंजीर पिकतात. उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीतल्या भिंतीवर मोरेलो जातीची आंबट चेरी लावतात. पहिल्या महायुद्धात माळी सैन्यात गेले, नंतर मजुरी परवडेना, आणि बागा रानात गेल्या. कॉर्नवॉलमधल्या हेलिगन इस्टेटीवर माळ्यांनी 'ऑगस्ट १९१४' या तारखेखाली भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली नावं अजून आहेत. ती बाग १९९० च्या दशकात पुन्हा उभी केली.

पण जुनं ते सगळं परत आणायचं नसतं. काचघरं कोळशाच्या भट्टीवर तापायची, फळझाडांवर शिसं आणि आर्सेनिक असलेली औषधं मारायचे. ते गेलं ते बरं झालं. परत आणायची ती भिंत, चुना, पावसाचं पाणी आणि झाडाला वळण लावायची कला.

अशी बाग पुन्हा उभी करायची तर सुरुवात भिंतीपासून. मुख्य घर संरक्षित यादीत असेल तर आवारातली जुनी भिंतही बहुधा त्यातच येते, त्यामुळे आधी स्थानिक कौन्सिलची परवानगी. भिंतीवर चढलेली आयव्ही जिवंतपणी ओढली तर तिच्या मुळांबरोबर चुना आणि विटाही येतात. खोड जमिनीलगत कापायचं, वेल पूर्ण वाळू द्यायचा, मग हलक्या हाताने सोडवायचा. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात, तेव्हा तो हलवायचा नाही. वापरातलं घरटं मोडणं इथे गुन्हा आहे.

मग दरजा, म्हणजे विटांमधले सांधे. सिमेंटने भरलेली जुनी भिंत जवळून पाहिली की सगळं कळतं: सिमेंटची जाळी जशीच्या तशी उभी आणि मधल्या विटा बोटभर आत झिजलेल्या, हात फिरवला की लाल भुकटी पडते. जुनी वीट मऊ असते. भिंतीत शिरलेली ओल दरजेतल्या चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट ती वाट बंद करतं, मग ओल विटेतून निघते, थंडीत तिथेच गोठून फुगते आणि विटेचा पापुद्रा उडवते. म्हणून दरज नेहमी विटेपेक्षा मऊच हवी. ती झिजली तर परत भरता येते, वीट परत येत नाही.

कृती अशी. सैल झालेला माल हातानेच, छन्नीने काढायचा. कटर मशीन विटांच्या कडा कापतं. दरज जेवढी रुंद तिच्या दुप्पट खोल खरवडायची, निदान पाऊण इंच. धूळ धुऊन भिंत ओलसर करायची, कारण कोरडी वीट मालातलं पाणी शोषते आणि तो नुसता भुसभुशीत राहतो. इथे ओलाव्यातही घट्ट होणारा चुना पोत्यात मिळतो. त्याचं एक माप आणि जाड, कणीदार वाळूची अडीच ते तीन मापं, पाणी अगदी बेताचं. माल दाबून भरायचा, विटेच्या तोंडावर फासायचा नाही. अंगठ्याने दाबून खळगा पडेनासा झाला की ताठ ब्रशने ठोकायचा. मग आठवडाभर ओलं गोणपाट. पारा पाच अंशांखाली जायचा संभव असेल तर कामाला हात लावायचा नाही, म्हणून हे काम एप्रिल ते सप्टेंबर एवढंच चालतं. घाई इथेच नडते: ऑक्टोबरमध्ये भरलेली दरज पहिल्या कडाक्यात सुटून येते.

भिंतीचं काम चालू असतानाच माती तपासायला द्यावी. प्रत्येक चौकोनात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणची वीतभर खोल माती घ्यायची, आणि काचघराजवळचा नमुना वेगळा ठेवायचा. भट्टीची राख, जुन्या रंगातलं शिसं, झाडांवरची औषधं यांचा साका तिथेच जास्त सापडतो. शिसं किंवा आर्सेनिक जास्त निघालं तर तिथे पालेभाजी आणि कंदमुळं लावायची नाहीत. उंच वाफ्यात स्वच्छ माती आणायची. मातीचा सामू (pH) साडेसहा ते सातच्या दरम्यान हवा. स्फुरद (फॉस्फरस) मात्र पिढ्यान् पिढ्यांच्या शेणखताने बहुधा भरपूर असतं. अशा मातीत आणखी शेणखत ओतण्यापेक्षा पालापाचोळ्याचं खत आणि हिरवळीचं खत बरं. पानं जाळीच्या पिंजऱ्यात दोन वर्षं कुजू द्यायची, आणि मोकळ्या वाफ्यात हिवाळ्यापूर्वी राय आणि व्हेच पेरायचं, जसा आपल्याकडे ताग-धैंचा.

खत आणावंच लागलं तर एक परीक्षा न चुकता करावी, आई, हे तुलाही आवडेल. कुरणावर मारलेलं अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक गवतातून घोड्याच्या पोटात जातं आणि लिदीतून जसंच्या तसं बाहेर पडतं. असं खत घातलं की टोमॅटो, बटाटा, शेंगवर्गीय पिकं वाकडी होतात. म्हणून काही कुंड्यांत संशयित खत आणि काहींत खात्रीची माती घेऊन ब्रॉड बीन नावाच्या इथल्या शेंगा पेरायच्या. तीन-चार आठवड्यांत नवी पानं आत वळून आकसली तर ते खत वाफ्यात जाऊ द्यायचं नाही.

तणाचं म्हणाल तर इथलं काउच ग्रास आपल्या हरळीसारखं चिवट आहे, आणि आपली हरणखुरीही इथे आहे. नांगरणी यंत्र फिरवलं की मुळाच्या एकेका तुकड्याचं नवं रोप होतं. त्यापेक्षा पुठ्ठा अंथरून वर सहा इंच कुजलेलं खत. हरणखुरी असेल तर दोन उन्हाळे काळं आच्छादन आणि त्याला भोक पाडून भोपळे.

पाणी काचघराच्या छपराचं. शंभर चौरस मीटर छप्पर आणि इंग्लंडच्या पूर्वेकडचा वर्षाचा ६०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे वर्षाला ६०,००० लिटर, गळती-बाष्प वजा जाता ४८,००० धरावं. पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो, त्यामुळे टाकी आपल्याएवढी मोठी लागत नाही.

भिंतीवरची झाडं शेवटी. भिंतीच्या पायथ्याशी पाऊस पोचत नाही, म्हणून रोप फूटभर लांब लावून भिंतीकडे झुकवायचं आणि पहिली दोन वर्षं पाणी द्यायचं. पीचची पानं मुरडणारी बुरशी पावसाच्या थेंबांतून पसरते. डिसेंबर ते मेच्या मध्यापर्यंत वर पारदर्शक आच्छादन धरलं की औषधाची गरज उरत नाही. फुलाच्या वेळी बाजू उघडी ठेवून मधमाश्यांना वाट द्यायची.

आता आपली भिंत. आपल्याकडे बर्फ नाही, पण लोणा आहे. सिमेंटमागे कोंडलेली ओल वाळते तेव्हा क्षार विटेतच साचतात आणि तीच भुकटी होते. म्हणून बाबा, सिमेंट नको. कळीचा चुना भिजवून निदान दोन-तीन आठवडे मुरवलेला असावा. एक माप चुना, एक माप सुरखी (भाजक्या विटांची भुकटी), एक माप वाळू, आणि आधी हातभर जागेत करून पाहायचं. चुना भिजताना उकळतो, तेव्हा जवळ उभे राहू नका, चष्मा हवाच. काम पावसाळ्यानंतर काढा. आई, धुण्याच्या दगडाचं पाणी भिंतीच्या पायाशी मुरतं, त्याला आधी पन्हळ काढून दे, नाहीतर चुनाही टिकणार नाही. वर उगवलेला पिंपळ ओढून काढू नका, बुडाशी कापून ठेवा. गवंड्याशी बोलण्याआधी एका विटेचा आणि दरजेचा फोटो, बाजूला पट्टी धरून, मला पाठवा. जुन्या दरजेचा सुटा तुकडाही एका डबीत ठेवा. त्यात सुरखी किती आणि वाळू कशी होती ते पाहूनच माप पक्कं करू.

तुमची,
सुमी