डब्यावर ८८ व्होल्ट, आत सेल पाचच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापसाचे पैसे हाती आले की तालुक्याच्या बाजारात कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवर चालणारे ड्रिल, ग्राइंडर आणि फांद्या कापायच्या छोट्या चेन-सॉ यांना गिऱ्हाईक वाढते. डब्यावर ‘४८ व्होल्ट’, ‘८८’, कुठे तर ‘१२८’ छापलेले असते आणि मोठा आकडा म्हणजे मोठा जोर असे समजून तोच डबा उचलला जातो. या बॅटऱ्यांतला लिथियम-आयनचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२ चा. असे पाच ओळीने जोडले की १८ व्होल्ट, भरल्यावर २१. म्हणजे एकाचे ‘१८’, दुसऱ्याचे ‘२० मॅक्स’ आणि तिसऱ्याचे ‘२१’ ही जोराच्या दृष्टीने एकच बॅटरी. स्वस्त यंत्र घेताना दुकानातच चार्जर उलटा करून आउटपुट वाचावे. २१ व्होल्ट असेल तर आत ओळीने पाचच सेल, १२.६ असेल तर तीनच. मग डब्यावर काहीही छापलेले असो.

अँपिअर-अवरची, म्हणजे बॅटरीत वीज किती मावते त्या आकड्याचीही तीच गत. सर्रास मिळणारा ‘१८६५०’ मापाचा सेल फार तर साडेतीन अँपिअर-अवरचा असतो आणि वजनाला साधारण ४५ ग्रॅम भरतो. १८ व्होल्ट, चार अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये पाच-पाचच्या दोन ओळी, असे दहा लागतात, म्हणजे नुसत्या सेलांचेच वजन ४५० ग्रॅम. ‘६ अँपिअर-अवर’ म्हणून दिलेला पॅक प्लास्टिकसकट ३५० ग्रॅम भरला, तर काय ते समजून घ्यावे. किराणा दुकानाचा काटा त्यासाठी पुरतो.

व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केले की बॅटरीतले वॉट-तास निघतात. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२. ग्राइंडर दाबून चालवला की ५०० वॉट सहज ओढतो; साडेआठ मिनिटांत काम थांबते. म्हणून जिथे प्लग हाताशी आहे त्या वर्कशॉपात चार इंची ग्राइंडर वायरचाच बरा. वावरात अडकलेला एखादा बोल्ट कापायला कॉर्डलेस चालतो, पण ठिणग्या उडतात, तेव्हा जवळ पऱ्हाटी किंवा कुटार नको.

गोठ्यावर टीन ठोकायला इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू फिरवणारे यंत्र) हवाच, असे दुकानदार सांगतो. स्क्रू भराभर बसतात हे खरे, पण बोट वेळेवर सुटले नाही तर वायसरखालचे रबर चिरडते आणि पहिल्याच पावसात तिथून गळते. रबर लोखंडी वायसरच्या कडेबाहेर जेमतेम दिसू लागले की थांबायचे. नवख्या हाताला क्लच असलेले, म्हणजे ठरवलेला जोर आला की आपोआप सुटणारे साधे ड्रिलच सोयीचे. अँगलला १० मिलिमीटरचे भोक पाडतानाही गिअर १ वरच ठेवावा. २ वर बिट निळा पडतो आणि धार जाते.

ट्रॅक्टरच्या चाकाचे नट हे इम्पॅक्ट रेंचचे काम, तेही अर्धा इंची चौकोनाच्या. गंजलेला नट सोडवायला तो आवळण्यापेक्षा जास्त जोर लागतो, त्यामुळे डब्यावरचा न्यूटन-मीटरचा (पिळण्याच्या जोराचा) आकडा आवळण्याचा की सोडवण्याचा, हे विचारावे. सॉकेट काळे, इम्पॅक्टचेच घ्यावे. चकचकीत क्रोमचे तडकतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. नट बसवताना शेवटचा आवळा हातपान्याचाच.

वरूड-मोर्शीकडे संत्र्याची सल (वाळलेल्या फांद्या) काढायला बॅटरीची कात्री चांगली रुजते आहे. पाते साधारण २५ ते ३० मिलिमीटरपर्यंतच्या फांदीचे असते. त्याहून जाड फांदीत ते फिरवून-पिळून काढले की वाकडे होते. रोग पसरू नये म्हणून पाते सोडिअम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवतात, ते योग्यच. मात्र तसेच ठेवले तर गंजते. काम संपल्यावर पाण्याने धुऊन, पुसून तेल लावावे. मोटर मात्र बुडवू नये (बुडवणारे आहेत!). छोट्या चेन-सॉमध्ये बहुधा तेलाचा पंप नसतो, तेव्हा साखळीला थोड्या-थोड्या वेळाने हाताने तेल सोडावे लागते.

विदर्भात बॅटरी मरते ती कामाने कमी, उन्हाने जास्त. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे आणि मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये तेवढे तापमान दुपारी असतेच. कामावरून आलेली बॅटरी अर्धा तास सावलीत ठेवून मग लावावी. शक्य तर पहाटे. हंगाम संपला की निम्मी भरून घरात ठेवावी. रिकामी ठेवली तर चार महिन्यांनी चार्जर तिला ओळखतही नाही. आणि फवारणी पंपाचा चार्जर या बॅटरीला कधीही जोडू नये. बहुतेक पंपांत १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते, तिचा चार्ज होण्याचा हिशेबच वेगळा.

एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही. तेव्हा आधी जवळच्या शहरात सर्व्हिस सेंटर असलेली कंपनी ठरवावी, तिच्या दोन बॅटऱ्या आणि चार्जर घ्यावा, पुढची यंत्रे नुसती बॉडी, म्हणजे बॅटरी-चार्जरविना घ्यावीत.

नागपूरच्या ॲग्रोव्हिजन कृषी प्रदर्शनात आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या प्रदर्शनात ही यंत्रे विकायला येतात. प्रत्येक स्टॉलवर खरे व्होल्ट, अँपिअर-अवर आणि सेलांची संख्या मराठीत लिहिलेली पाटी लावण्याची अट आयोजकांनी घालावी, एवढी विनंती.

– अवजार दुरुस्ती करणारा एक वाचक, जि. यवतमाळ